‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हणलं की काय सांगायचं? गावाकडच्या पोरापोरींसाठी

बँकेतली मुलाखत असो, कंपनीवाले कॉलेजात आलेले असो, बचत गटाच्या मीटिंगला तालुक्याहून मॅडम आलेल्या असो नाहीतर सोयरिकीचे पाहुणे छपरीत बसलेले असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो, तुमच्याबद्दल सांगा. आणि आपल्याकडची चांगली हुशार पोट्टी तिथंच अडकतात. नाव सांगतात, गाव सांगतात, बापाचं नाव सांगतात, ‘घरी वावर आहे’ म्हणतात आणि खाली पाहतात. समोरच्याला वाटतं याच्याजवळ सांगायसारखं काही नाही. असतं हो, भरपूर असतं, पण ते स्वतःलाच कधी नीट सांगितलेलं नसतं तर दुसऱ्याला कुठून सांगणार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत पोरापोरींची मुलाखतीची तयारी करून घेतो, त्यातून जे कामाचं वाटलं ते इथं लिहून राहिलो. सवडीनं वाचा आणि करून पाहा, वाचून नुसतं सोडून दिलं तर काही उपयोग नाही.

पहिले एक वही घ्या

मोबाईलमध्ये नको, वहीच घ्या. वर लिहा ‘मी कोण?’ आणि खाली एकापासून वीसपर्यंत आकडे टाकून प्रत्येकापुढं एक एक उत्तर लिहा. ही जुनी चाचणी आहे, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या मॅनफर्ड कुन आणि थॉमस मॅकपार्टलँड या दोघांनी १९५४ मध्ये छापली होती, तेव्हापासून लोक वापरतात. त्यांना असं दिसलं की माणूस आधी ती उत्तरं लिहितो जी कोणालाही पाहून कळतात, म्हणजे विद्यार्थी, मुलगी, अमक्या धर्माचा, आणि ती संपली की मग स्वतःची आतली उत्तरं यायला लागतात. आपल्याकडं पण तसंच होतं. अमक्याचा पोरगा, तमक्या गावचा, समाज कोणता, बारावी पास, घरात मोठा, इथपर्यंत पेन धावतो आणि सहाव्या सातव्या आकड्यावर थांबतो. थांबू द्या. उठू नका तिथून. चहा प्या, परत बसा, पण वीस पुरे करा.

सुरुवातीच्या उत्तरांत लाजण्यासारखं काहीच नाही बरं, माणूस घर आणि गाव धरूनच असतो, शहरातला पण असतो, फक्त त्याला ते सांगावं लागत नाही. अडचण एवढीच की त्या उत्तरांवरून समोरच्याला तुम्हाला कोणतं काम द्यायचं ते कळत नाही. म्हणून दुसरी पायरी. प्रत्येक उत्तरापुढं दोनपैकी एक शब्द लिहा, ‘मिळालं’ किंवा ‘केलं’. आडनाव मिळालं, गाव मिळालं, वावर मिळालं. सायकलनं रोज हायस्कूलला जाऊन दहावी काढली ते केलं. बऱ्याच जणांच्या वहीत ‘मिळालं’चीच रांग लागते आणि मग ते म्हणतात, सर, आमच्याजवळ ‘केलं’ काहीच नाही. असं होतच नाही. आठवत नाही एवढंच.

आठवायला आपल्याकडं एक चांगली सोय आहे, ती म्हणजे हंगाम. वर्ष मृगापासून धरा. पेरणीच्या वेळी तुम्ही काय केलं, टोबणीला कोण होतं, बियाण्याची पिशवी आणायला तालुक्याला कोण गेलं आणि दुकानदाराकडून पक्कं बिल कोणी मागून घेतलं, डवरणीला बैल कोणी धरले, फवारणीचं औषध कोणी मोजून टाकलं, दिवाळीनंतर वेचणी लागली तेव्हा मजूर कोणी जमवले. पोळ्याला, गणपतीत गावात काय काम केलं. लग्नसराईत वाढप कोणी सांभाळलं. एका एका महिन्यावर थांबून लिहा, आणि ‘मदत केली’ हे दोन शब्द वहीत येऊ देऊ नका, कारण त्यात सगळं लपून जातं.

एका पोट्ट्यानं मला असंच सांगितलं होतं, ‘काही नाही सर, बाबाले मदत करतो.’ मी विचारलं, वेचणीच्या दिवसात सकाळी उठून पहिले काय करतो. म्हणे, ‘काटा घेऊन वावरात जातो.’ कशाला? ‘बाया वेचलेला कापूस आणते ना, तो तोलतो.’ मग? ‘मग वहीत मांडतो, कोनं किती किलो वेचला थे.’ पैसे कोण देतं? ‘मीच. बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब करून वाटतो.’ कधी भांडण? ‘नाही जी. सांजीच्या वेळी तिच्यासमोरच तोलतो अन् तिलेच आकडा वाचून दाखवतो, म्हणून किरकिर होत नाही.’ आता हे काय आहे सांगा. रोजचं वजन, माणसागणिक नोंद, आठवड्याचा पगार, आणि समोरच्याला पटेल अशी पद्धत. कंपनीत या कामाला माणूस ठेवतात आणि त्याला पगार देतात. आणि हा पोट्टा म्हणत होता काही नाही.

पोरींचं तर याहून वाईट आहे. ‘घरीच असते’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की आता ते ऐकलं की मी पुढं सरकतच नाही. एकीची आई बचत गटाची सचिव, पण आईला लिहिता येत नाही, तर सगळं दप्तर ही पोरगी लिहिते. गटाची पंचसूत्री माहीत असेलच, नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन. त्यातली पाचवी गोष्ट तर पूर्ण हिच्याच हातात, आणि परतफेड कोणाची राहिली ते तिला वही न उघडता सांगता येतं. बँकेतून साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांच्या प्रश्नांना उत्तरं हिनंच दिली. तरी विचारलं तर घरीच असते. ताई, घरी नाही बसलीस तू, तू एका संस्थेचं दप्तर सांभाळून राहिली आहेस, हेच लिही आणि हेच सांग.

मग तीन माणसांना विचारा

वही एकट्यानं लिहून भागत नाही. स्वतःबद्दल काही गोष्टी आपल्याला जास्त कळतात आणि काही दुसऱ्याला. सिमीन वझीर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० मध्ये यावर अभ्यास छापला, त्यात दिसलं की मनातली भीती, काळजी, अस्वस्थता हे ज्याचं त्यालाच बरोबर कळतं, पण आपण किती हुशार आहोत, डोकं किती नवीन चालतं, यात मित्रांचा अंदाज आपल्या अंदाजापेक्षा खरा निघतो. पटतं ना? आतली धडधड तुम्हालाच माहीत, पण तुमच्या हातून काम कसं होतं ते शेजारचा जास्त नीट पाहतो, कारण तुम्ही तेव्हा कामात असता.

तर तीन माणसं निवडा. एक घरातलं, एक जे तुमच्यासोबत राबलं आहे असं, आणि एक ज्याचं तुमच्यावर फार प्रेम नाही असं. आणि त्यांना ‘मी कसा आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘चांगला आहेस’ हेच मिळणार. कामाचा प्रश्न विचारा. रात्रीची लाईन आहे आणि बारा वाजता मोटर बंद पडली तर मला फोन करशील का? पैशाचं काम मला सांगशील का? दोघांचं भांडण लागलं तर मला मधी बोलावशील का? आणि सर्वात महत्त्वाचं, कोणतं काम मला कधीच सांगणार नाहीस? हे शेवटचं उत्तर ऐकताना मधी बोलायचं नाही, खुलासा द्यायचा नाही, फक्त लिहून घ्यायचं. तिघांतले दोघं एकच गोष्ट बोलले तर ती बहुतेक खरी आहे असं धरा. एकट्यानंच बोललं तर त्याचा राग असू शकतो, बाजूला ठेवा पण फाडून टाकू नका.

लोक काय म्हणतील, याचं काय करायचं

हे टाळून पुढं जाता येत नाही. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच सांगून ठेवलं की दुसऱ्यांच्या नजरेत आपण कसे दिसत असू याचा जो अंदाज आपण मनात बांधतो, त्यावरूनच आपण स्वतःला चांगलं नाहीतर वाईट समजतो. यात अंदाज हा मुद्दा आहे. लोक प्रत्यक्षात काय विचार करतात ते आपण पाहिलेलं नसतं. २००० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी पोरांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी तुझा शर्ट पाहिला असेल. त्यांना वाटलं खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी, आणि खरं पाहणारे त्याच्या अर्धेच निघाले.

आता तुम्ही म्हणाल की सर, ती अनोळखी खोली होती, आपल्या गावात तर सगळे सगळ्यांना ओळखतात. बरोबर आहे. गावात लोक पाहतात, पानठेल्यावर बोलतात, आजोबानं काय केलं होतं ते नातवाच्या माथी मारतात, लहानपणी पडलेलं चिडवायचं नाव पन्नाशीपर्यंत सोडत नाहीत. ही भीती अगदीच खोटी नाही. पण मी इतकी वर्षं पाहून राहिलो, गाव बोलतं ते घडलेल्या गोष्टीवर बोलतं, कोण पडलं, कोण पळालं, कोणाचं जमलं. तुम्ही मुलाखतीत अडखळले, सभेत उभं राहून बोलताना आवाज कापला, हे दोन दिवसांच्या वर कोणाला आठवत नाही, तुम्हाला मात्र दोन वर्षं आठवतं. तेव्हा बोलायला उभं राहा. ग्रामसभेत एक प्रश्न विचारा, छोटासा, नळाच्या पाण्याचा नाहीतर रस्त्याच्या लाईटचा. ओळखीच्या लोकांसमोर बोलणं हे अनोळखी लोकांसमोर बोलण्यापेक्षा कठीण असतं, ते जमलं की मुलाखतीतले तीन साहेब सोपे जातात.

इथं एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे. आपल्याकडं पीक बुडालं, कर्ज थकलं की माणूस स्वतःची ओळखच ‘कर्जबाजारी’ अशी करून घेतो आणि मग लोकांत यायचं बंद करतो, लग्नाकार्याला जात नाही, बँकेच्या रस्त्यानं जात नाही. १९ मार्च १९८६ ला आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं कुटुंबासह जीव दिला, त्या आठवणीत अजूनही लोक १९ मार्चला अन्नत्याग करतात, एवढी जुनी ही जखम आहे. पाऊस आला नाही, बोंडअळी पडली, भाव पडला, हे त्या वर्षाचं वर्णन आहे. ते वहीत ‘मी’च्या पुढं लिहायचं नाही, ‘यंदाचं वर्ष’ असा वेगळा रकाना करून तिथं लिहायचं. वडील, भाऊ, मित्र असं गप्प बसलेलं दिसलं तर त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि मन फारच खाली गेलं असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसा रात्री कधीही लावा.

बोली लपवायची का

पुण्याला गेलेली पोट्टी सहा महिन्यांनी येतात ती वेगळंच बोलत येतात, कारण तिथं कोणीतरी हसलेलं असतं. ‘जाऊन राहिलो’वर हसतात, ‘काहून’वर हसतात, डोळ्याला ‘डोया’ म्हणलं की हसतात. माझं मत स्पष्ट आहे, बोली सोडायची नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव मंडळींनी मराठी गद्य लिहिलं, आता तिथंच मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, ज्या मातीत हे झालं तिथली बोली कमअस्सल कशी असेल. पण एक काम करायचं, समोरच्याला न कळणारा शब्द असेल तर तो बदलायचा. वावर म्हणलं आणि साहेब नाशिकचे असले तर शेत म्हणा, धुरा म्हणण्याऐवजी बांध म्हणा, पऱ्हाटीला कपाशी म्हणा. हेल राहू द्या, वाक्याची चाल राहू द्या. लपवायच्या नादात पोरं इतकी हळू आणि मोजून बोलतात की समोरच्याला वाटतं पाठ करून आला. आपल्या चालीत बोललं की डोकं मोकळं राहतं आणि ते मोकळं डोकं उत्तर शोधायला लागतं.

इंग्रजीचंही तेच. दोन वाक्यं येत असतील तर दोन बोला आणि ‘पुढचं मराठीत सांगू का’ असं सरळ विचारा, बहुतेक लोक हो म्हणतात.

जागेप्रमाणे सांगणं बदलतं, गोष्ट बदलत नाही

अर्व्हिंग गॉफमन हा कॅनडात जन्मलेला समाजशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटांवरच्या छोट्या शेतकऱ्यांच्या वस्तीत जाऊन राहिला होता. त्याचं म्हणणं असं की माणूस चारचौघांत रंगमंचावर असल्यासारखा वागतो आणि आतल्या खोलीत वेगळा असतो. त्यानं तिथलं एक लिहून ठेवलं आहे. शेजारी चहाला यायचा, घरातले अंधाऱ्या खिडकीतून त्याला येताना पाहायचे, आणि दाराजवळ आल्यावर तो आपला चेहरा बदलून हसरा करायचा ते पाहून त्यांना मजा वाटायची. काही शेजाऱ्यांना हे माहीत होतं, ते मग लांबूनच हसत यायचे. आपल्या गावात पण हे रोज दिसतं, फाटकाजवळ येईपर्यंत कपाळाला आठ्या आणि आत आल्यावर ‘काय म्हणता भाऊ’. यात खोटेपणा नाही, समोरच्याचा मान आहे. खोटेपणा कुठं सुरू होतो, तर जिथं गोष्टच बदलली जाते.

म्हणून एकच ओळख तीन ठिकाणी वेगळी कशी सांगायची ते दाखवतो. पीककर्जासाठी बँकेत गेलात तर तिथं स्वभाव सांगायची गरज नाही. ‘नमस्कार साहेब, पीककर्ज नवं करायचं आहे, पाच एकर आहे, सातबारा आणि आठ अ आणले, मागचं मार्चच्या आत भरलं, यंदा तीन एकर कपाशी आणि दोन एकर तूर आहे.’ संपलं. साहेबाला जे चार प्रश्न विचारायचे होते ते तुम्हीच सांगून टाकले, म्हणजे तो वर मान करून पाहतो.

मुलाखतीत दीड मिनिटाच्या आत संपवायचं. वरच्या वेचणीवाल्या पोट्ट्यासोबत बसून आम्ही असं तयार केलं, तुम्ही आपलं घाला. ‘मी दारव्हा तालुक्यातला, बीकॉम झालो आहे. घरी सात एकर शेती आहे, त्यात कापूस आणि तूर असते. वेचणीच्या दिवसात बारा-पंधरा मजूर असतात, त्यांचं रोजचं वजन आणि आठवड्याची मजुरी याचा हिशेब बारावीपासून मीच ठेवतो. तुमच्या जाहिरातीत माल आणि रोकड दोन्ही सांभाळायचं काम लिहिलं आहे, ते मी लहान प्रमाणात केलेलं आहे. टॅली शिकलो, पण जीएसटीचं रिटर्न अजून स्वतः भरलेलं नाही, ते शिकावं लागेल.’ यात बघा, ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ असं एकदाही म्हणलं नाही. ते प्रत्येक जण म्हणतो, त्यामुळं ऐकणारा ते ऐकतच नाही. काटा आणि वही सांगितली की प्रामाणिक हा शब्द साहेबाच्या मनात आपोआप येतो. आणि शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. येत नाही ते स्वतःहून सांगितलं की बाकी जे येतं म्हणला त्यावर विश्वास बसतो, फक्त ‘हे येत नाही’ एवढ्यावर वाक्य तोडू नका, पुढं काय करणार ते जोडा.

तिसरं सोयरीक. हे सगळ्यात नाजूक आणि इथंच सगळ्यात जास्त लपवालपवी चालते. कास्तकाराच्या पोराला पोरगी मिळायची पंचाईत झाली आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं बायोडाट्यात ‘पुण्यात कंपनीत आहे’ असं लिहितात, आणि असतो तो कंत्राटदाराकडं, सहा सहा महिन्यांवर. एकर वाढवून सांगतात, कर्ज सांगतच नाहीत. पोरीकडचे पण शिक्षण, वय इकडचं तिकडं करतात. अरे बाबा, मामा नाहीतर मावशी शेजारच्या गावात असतेच, आठ दिवसांत सगळं कळतं, आणि नाही कळलं तर लग्नानंतर कळतं, ते त्याहून वाईट. माझं सांगणं असं की पोरानं स्वतः बोलावं, पहिल्याच भेटीत, ‘एवढं वावर आहे, एवढं बँकेचं देणं आहे, काम कंत्राटावर आहे, पुढच्या तीन वर्षांत हे करायचं ठरवलं आहे.’ आणि पोरीनं पण फक्त पोहे देऊन आत जाऊ नये. नोकरी करायची आहे का, पुढं शिकायचं आहे का, वावरात काम करणार का नाही, हे तिनं तिच्या तोंडानं सांगावं, आणि घरच्या मोठ्यांनी तेव्हा मधी बोलू नये. काही सोयरिकी यानं मोडतील. त्या मोडलेल्याच बऱ्या.

बोलण्याआधी काम, आणि सांगण्यासोबत विचारणं

नव्या ठिकाणी गेलात, होस्टेल, नोकरी, सासर, कुठंही, तर पहिले काही दिवस स्वतःबद्दल कमी सांगा. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा पाहा. अंगावर चिंध्यांचे कपडे, जवळ गाडगं आणि हातात खराटा, पाहणाऱ्याला कोण आहे ते कळायचं नाही. गावात आले की पहिले गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, तोपर्यंत लोकांनी माणूस पाहिलेला असायचा. आणि कीर्तनात ते नुसतं सांगत नव्हते, लोकांना प्रश्न विचारत होते, लोक उत्तर देत होते. हे शेवटचं फार कामाचं आहे. ओळख करून देताना एक प्रश्न तुमच्याकडून जाऊ द्या. मुलाखतीत विचारा, ‘या जागेवर पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय काम अपेक्षित आहे?’ नव्या होस्टेलमध्ये विचारा, ‘तुमचं गाव कोणतं, घरी कोण कोण?’ समोरचा बोलायला लागला की तुमची धडधड कमी होते आणि त्याला काय ऐकायचं आहे ते पण कळतं.

सरावाचं पटकन सांगतो. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटतो, घाबरू नका, बोलताना आपल्याला आपला आवाज कवटीच्या हाडातूनही ऐकू येतो म्हणून तो जाड वाटतो, रेकॉर्डमध्ये ते नसतं, आणि बाकी जग तुम्हाला रेकॉर्डसारखंच ऐकतं. फोटोचं पण तसंच, आरशातला उलटा चेहरा पाहायची सवय असल्यामुळं फोटोतला खटकतो, म्हणून फोटो निवडायला मित्राला सांगा. एकाच वाक्यात किती वेळा ‘म्हणजे’ येतं ते ऐका, वाक्यं लहान करा, परत रेकॉर्ड करा. चांगलं झालं की वडिलांना नाहीतर आईला ऐकवा. त्यांना समजलं नाही ते वाक्य बदला.

आणि कागद. तुम्ही तोंडानं कितीही नीट सांगा, समोरच्या फाईलमध्ये दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर बापाचं टोपणनाव आणि बँक पासबुकात आडनावाचं वेगळंच स्पेलिंग असेल तर तिथं तुम्ही चार माणसं होता. एका रविवारी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव अक्षर अक्षर जुळवून पाहा. बहुतेक ठिकाणी दहावीचा कागद धरून बाकीचे दुरुस्त करायला सोपं जातं. नावच बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून नोकरीचा फॉर्म निघायची वाट पाहू नका. आणि घरात लहान बाळ असेल तर हे पण पाहून घ्या, १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात आईचं नाव लावायचं आहे, क्रम असा, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. जन्मदाखला काढताना ग्रामपंचायतीत हे सांगा आणि लिहिलेलं स्वतः वाचून मगच सही करा.